औषधवाल्याचा लव्हाळा

"रोज आंघोळ करता का?"

खोली भाड्याने मागायला गेल्यावर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी आर्वीत मी चार घरं पाहिली होती. एका ठिकाणी लग्न कधी करणार म्हणून विचारलं, एका ठिकाणी घरात अंडं शिजणार का म्हणून विचारलं. माझ्या वडिलांचं जाम गावच्या चौरस्त्यावर टायरचं दुकान आहे म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, "म्हंजे ट्रकवाले येतीन का इथी?" पण आंघोळीपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं.

"करते," मी म्हटलं.

"सकाळी का संध्याकाळी?"

"सकाळी. शाळेत जायच्या आधी."

"किती बकेट? केस धुवाचा वार कोनता?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकू बाहेर आल्या. "अहो, लाज वाटू द्या काई! बाईमानसाले असं इचारतेत का कोनी?"

"इचारू नाई तं काय करू? पान्याचा अंदाज नोको का?" घरमालक काकाजी शांतपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "शाळा कोनती तुमची?"

"रोहण्याची."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "खोली तुमची." काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. मला वाटलं, शिक्षकांबद्दल आदर असेल. तो आदर रोहण्याच्या एसटीबद्दल होता, हे कळायला दोन महिने लागले.

आंघोळीच्या प्रश्नांचा उलगडा मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी झाला. न्हाणीतलं पाणी बाहेर एका नालीत पडायचं आणि त्या नालीला दोन फाटे होते. एक गटाराकडे, दुसरा परसातल्या सिमेंटच्या टाक्याकडे. मधे एक वीट. साबण लावायच्या आधीचं पाणी टाक्यात जायचं, नंतरचं गटारात, आणि वीट इकडची तिकडे करायला काकाजी स्वतः हजर. मी आत कडी लावून दोन तांबे घेते न घेते तोच बाहेरून खणखणीत आवाज आला, "बाई, साबन लावला का?"

मी अर्धी आंघोळ टाकून खोलीत पळाले. त्या दिवशी काकूंनी त्यांना जे सुनावलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. शेवटी तह झाला. त्यांनी विचारायचं नाही, मी सांगायचं. पुढची तीन वर्षं मी रोज सकाळी न्हाणीतून "साबण!" अशी आरोळी ठोकली आणि बाहेर वीट सरकल्याचा आवाज आला की मगच साबणाला हात लावला. आई जामहून राहायला आली होती तेव्हा ती आरोळी ऐकून वडी घेऊन धावत आली आणि दार ठोठावत म्हणाली, "घे माय साबन, अशी ओरडून काऊन राह्यली?"

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं ते टाक्यात उभं होतं. माणसाहून उंच हिरव्या काड्या, दाट. ना फांदी ना पान, नुसती गुळगुळीत काडी आणि तिच्या शेंड्यावर बारीक हिरव्या केसांचा एक मोठा झुबका. वारा आला की सगळे झुबके एका बाजूला कलायचे. नर्सरीवाले त्याला पपायरस म्हणतात. जुन्या काळी इजिप्तमध्ये याचा कागद करायचे, असं मी वर्गात दरवर्षी शिकवत होते, पण झाड बघितलं ते काकाजींच्या परसात. काकाजी त्याला मोठा लव्हाळा म्हणत.

आता लव्हाळा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वावरातलं सगळ्यात चिवट तण. वरून उपटा, खाली गाठ राहते आणि आठ दिवसांत पुन्हा वर येतो. निंदणाऱ्या बायकांच्या कमरा मोडल्या, पण लव्हाळा मोडला नाही. आणि काकाजींनी तीस वर्षं आर्वीत कृषी केंद्र चालवलं होतं. बियाणं, खत, किड्यांचं औषध आणि तणनाशक. म्हणजे तालुक्यातला अर्धा लव्हाळा ह्या माणसाच्या हाताने मेला होता. आता दुकान मुलगा सांभाळत होता आणि बाप घरी बसून त्याच लव्हाळ्याच्या थोरल्या भावाला आंघोळीचं पाणी पाजत होता.

"तीस वर्षं मारलं," ते म्हणत, "आता जरा जगवून पाहू."

ते झाड त्यांच्या हाती लागलं त्याची गोष्ट काकू सांगायच्या, कारण सोसलं त्यांनी होतं. नागपूरला एका लग्नाला गेले होते. मोठं लॉन, मधे कारंजं, कारंज्याभोवती ही उंच काड्यांची झाडं. नवरा-नवरी स्टेजवर, पाहुणे रांगेत, आणि काकाजी नव्या कोऱ्या कपड्यांत कारंज्याच्या काठावर गुडघे टेकून एक काडी बोटांत फिरवतायत. लव्हाळ्याची काडी गोल नसते, तिला तीन धारा असतात. बोटाला ती ओळख इतकी पक्की की ते तिथूनच ओरडले, "अबे, हा तं लव्हाळा होय!" अर्धी रांग वळून पाहायला लागली. लॉनचा मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं म्हातारा कारंज्यात पडतोय. तासाभराने काकाजी माळ्याला गाठून त्याच्या जास्वंदीवरच्या पांढऱ्या माशीला काय मारायचं ते समजावून देत होते, आणि माळी बदल्यात त्यांना मुळाचा एक तुकडा खणून देत होता. तो तुकडा ओल्या रुमालात बांधून लाडवांच्या डब्यात आला. लाडू बाहेर काढून. घरी पाहुण्यांसमोर काकूंनी डबा उघडला आणि आत चिखल.

"लाडू कुठी गेले इचारलं," काकू म्हणायच्या, "तं म्हनते, माळ्याच्या पोट्ट्यायले देऊन देल्ले."

गावात मात्र ह्या झाडाचा वेगळाच बोभाटा झाला. जुनी गिऱ्हाइकं काकाजींना भेटायला यायची, परसात डोकवायची आणि त्यांचे चेहरे बदलायचे. एक म्हातारे शेतकरी माझ्यासमोर म्हणाले, "भाऊ, जिंदगीभर आमाले लव्हाळ्याचं औषध इकलं, अन् घरी त्याचं बी धरून राह्यले का?" पोराच्या दुकानात तणनाशक खपावं म्हणून बाप राक्षसी लव्हाळा तयार करतोय आणि एक दिवस तो तालुकाभर सोडणार आहे, असं चहाच्या टपरीवर लोक गंभीरपणे बोलायचे. मुलगा वैतागून जायचा. काकाजींना भारी मजा वाटायची. कोणी फारच चिंतेत दिसलं की त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचे, "तुह्या वावरात पहिले सोडतो."

पण खरं सांगायचं तर लव्हाळ्याच्या जातीवर त्यांचाही भरवसा नव्हता. टाक्यात मोकळा लावला तर टाकं खाऊन टाकेल म्हणून प्रत्येक बुडखा रंगाच्या रिकाम्या बकेटीत, आणि बकेटा टाक्यात विटांवर ठेवलेल्या. सगळी दुनिया कुंडीला भोक पाडते, काकाजी असलेलं भोक सिमेंटने बुजवत. आर्वीची काळी चिक्कट माती, जी पावसाळ्यात आमच्या चपला ओढून घेते, ती ह्या झाडाला अमृत. त्यावर बारीक गिट्टीचा थर, म्हणजे माती पाण्यावर तरंगत नाही. पाण्यात गप्पी मासे. आरोग्य विभागाच्या बाई डासांच्या अळ्या शोधायला आल्या की काकाजी त्यांना खुर्ची देत, चहा देत आणि माशांची नावं सांगत. सगळ्या माशांचं नाव एकच होतं, पण ते प्रत्येकाचं वेगळं बोट दाखवून सांगत.

उन्हाळ्यात त्यांचं डोकं फिरायचं. आमच्याकडचं ऊन म्हणजे झाडाचे केस जाळून टाकणारं. मग कूलरचं सांडलेलं पाणी, पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं टाक्याकडे. पाहुण्याने ग्लासात अर्धं पाणी ठेवलं तर तो ग्लास घेऊन काकाजी परसात. वादळ आलं तर काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन काड्या बांधायला धावत. आणि काडी पिवळी पडली की तिला वरून कापलेलं त्यांना खपायचं नाही. हात चिखलात घालून अगदी बुडातून कापायची. मी एकदा मदत म्हणून वरच्यावर कात्री लावली, तर आठ दिवस माझ्याशी ते फक्त कामापुरतं बोलले.

त्या आठवड्यातही एक काम मात्र होतंच. बकेट.

मी राहायला आल्यावर दोन महिन्यांनी, एका सकाळी मी शाळेला निघाले तर काकाजी फाटकात उभे. हातात झाकणाची बकेट, झाकणाला भोक पाडलेलं, भोकातून चार हिरव्या काड्या वर आलेल्या. "रोहन्याले चालल्याच हा. एवढी माह्या भावाच्या घरी देऊन देजा. शाळेच्या मांगेच घर हाय. तुमच्या शाळा समितीचा अध्यक्ष तोच हाय." मी म्हटलं, काय सांगू? ते म्हणाले, "काई नोका सांगू. शेततळ्याच्या काठानं लाव म्हना."

एसटीत कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "या बार तुमी आन्ता का? बाई, तुमचं हाफ तिकीट, लव्हाळ्याचं फुल." सगळी गाडी हसली. मला काही कळेना. मग कळलं की माझ्याआधी कितीतरी वर्षं तो कंडक्टरच ही बकेट नेत होता, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आणत होता.

धाकटे काकाजी थोरल्यांसारखेच दिसायला, फक्त उन्हाने रापलेले. मला बसवलं, चहा दिला, शाळेच्या छपराची चौकशी केली. बकेटीकडे बघितलंही नाही. मी निघाले तेव्हा म्हणाले, "बाई, जातानी ते घेऊन जाजा." आणि मग उठून रांजणातलं एक तांब्या पाणी बकेटीत ओतलं. "वाटेत सुकन," म्हणाले. "झाडाचा काय दोस हाय?"

संध्याकाळी बकेट परत आलेली पाहून काकाजींनी ती माझ्या हातातून घेतली. टाक्यात तिची वीट रिकामी ठेवलेली होती, तिच्यावर ती ठेवली, झालं.

हे काय प्रकरण आहे ते मला काकूंनी सांगितलं, एका दुपारी डाळ निवडताना. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. घरची शेती धाकट्याकडे आणि दुकान थोरल्याकडे, अशी दोघा भावांची मजेत वाटणी होती. धाकटा औषध न्यायला आला की घरचाच माणूस म्हणून त्याला मोठ्या डब्यातून सुटं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून मिळायचं. त्या दिवशी त्याला कपाशीवरच्या किडीचं औषध हवं होतं. दुकानात ही गर्दी. काकाजी एका गिऱ्हाइकाशी वाद घालता घालता बाटली भरत होते. तीन-चार दिवसांनी धाकट्याची सगळी कपाशी आकसली, पानं भेंडीच्या पानासारखी चिरली. तो एक झाड उपटून घेऊन दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवलं.

"अन् यायनं काय म्हटलं माहीत हाय?" काकूंनी सूप खाली ठेवलं. "दुकानदाराचं एकच राह्यते ना बाई. पीक जळलं का म्हनाचं, तनाचं औषध मारल्यावर फवारनीचा पंप धुतला नाई तुमी. तेच आपल्या सख्ख्या भावाले म्हटलं. चार लोकायसमोर. लोक हासले. कोनी तरी म्हटलं, इतके साल शेती करून पंप धुवाले नाई शिकला का बे. तो झाड तिथीच ठेवून चालला गेला. तवापासून ह्या घराची पायरी चढला नाई."

"आणि पंप खरंच धुतलेला नव्हता?"

काकूंनी डाळीतला एक खडा काढून टाकला. "संध्याकाळी यायनं डबे पाह्यले. किड्याच्या औषधाचं सीलच फुटेल नव्हतं. तनाच्या औषधाचा डबा कमी होता. घरी येऊन मले सांगतलं. भावाले नाई सांगतलं. उद्या सांगतो, उद्या सांगतो. दुकान पोराले देऊन देल्लं, तरी उद्याच चालू हाय. अन् आता हे बकेट."

मग मला ती बकेट उचलताना जड वाटायला लागली. एक शब्द बोलायचा सोडून हा माणूस वर्षानुवर्षं झाड पाठवत होता, आणि तिकडे दुसरा माणूस वर्षानुवर्षं त्या शब्दाची वाट पाहत झाड परत करत होता. मला दोघांचाही राग यायचा. काकाजींचा जास्त, कारण रोज सकाळी त्यांच्यासाठी आरोळी मी ठोकत होते.

माझ्या हातून बकेट पाच वेळा गेली, पाच वेळा परत आली. सहाव्या वेळी, फेब्रुवारीत, धाकट्यांच्या घराला कुलूप होतं. सगळे कारंजा गावी लग्नाला गेलेले. परतीची गाडी खच्चून भरलेली येणार हे मला माहीत होतं, पाठ दुखत होती, आणि खरं सांगते, मला त्या बकेटीचा कंटाळा आला होता. शाळेच्या हापशीखाली पाण्याचं एक डबकं कायम असतं. मी विळा मागून आणला, खड्डा केला आणि बुडखा तिथे लावून टाकला. रिकामी बकेट हलवत घरी आले.

काकाजी फाटकातच होते. त्यांनी बकेटीत वाकून पाहिलं.

"ठेवून घेतलं," मी म्हटलं.

हे दोन शब्द का म्हटले, ते मला आजही सांगता येणार नाही. शाळेत लावलं असं म्हणायचं होतं. तोंडातून हे निघालं.

"काई म्हटलं का त्यानं?"

"नाही. फक्त ठेवून घेतलं."

ते तसेच परसात गेले आणि टाक्याच्या कठड्यावर बसून राहिले. मग आत येऊन काकूंना म्हणाले, "घेतलं त्यानं." काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मी खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या दुकानात, टपरीवर, एसटी स्टँडवर, सगळीकडे बातमी पोचली की भावाने झाड लावून घेतलं. रोज मी शाळेतून आले की एकच प्रश्न, "किती काड्या झाल्या?" मी रोज हापशीजवळच्या काड्या मोजून सांगायचे. आकडे खरे होते, पत्ता खोटा होता.

एप्रिल संपता संपता शाळा सुटली आणि मी जामला आले. काकाजी फोन करायचे. मी टायरच्या दुकानात बसून, शाळेतली पोरं कळवतात म्हणून, पंधरा, सतरा, वीस असे आकडे सांगायचे आणि मनात म्हणायचे, आता सुट्टीत हापशी कोण मारणार, डबकं केव्हाच सुकलं असेल. मेच्या उन्हात माणूस टिकत नाही, ते काय टिकणार. एकदा ठरवलं की फोनवरच खरं सांगून टाकावं. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, आज पहिल्यानं मले झोप चांगली लागली." मी म्हटलं, वीस झाल्या काकाजी.

जूनच्या शेवटी शाळा उघडायच्या दिवशी मी जामहून आर्वीच्या एसटी स्टँडवर पोचले तर काकाजी आधीच उभे. धुतलेले पांढरे कपडे, पायात नवी चप्पल, हातात काकूंनी दिलेला डबा. "आज मीबी येतो," म्हणाले. "घरी नाई जात त्याच्या. शेततळ्यापाशी दुरून पाह्यतो अन् वापस येतो."

वाटभर ते बोलत होते. झाड वाढलं असेल, काठावर दुसरं लावायला सांगू का, की राग येईल त्याला. दोन्ही बाजूंनी पेरणीसाठी माणसं वावरात उतरलेली. रोहणा दोन थांबे राहिलं तेव्हा मी सांगून टाकलं. एका दमात, खिडकीच्या गजाकडे पाहून. ठेवून घेतलं नाही. घरी कोणी नव्हतं. मी शाळेत लावलं. बहुतेक वाळलं असेल.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सगळ्या आर्वीले सांगतलं न बाई म्या." आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसले. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून ते माझ्याबरोबर शाळेपर्यंत आले. फाटकाला फुगे लावलेले होते, आत पोरांचा गोंधळ चालला होता. आणि हापशीच्या बाजूला ते उभं होतं. माझ्या डोक्याच्या वर. दाट, हिरवंगार, झुबक्यांनी भरलेलं. डबकं मोठं करून त्याला विटांचा काठ केलेला. भोवती हातभर जमीन इतकी स्वच्छ निंदलेली की लव्हाळ्याचं एक पातं नव्हतं.

काकाजींनी डबा माझ्या हातात दिला आणि नव्या चपलांसकट चिखलात बसले. हात आत घालून चाचपलं. "पिवळ्या काड्या काढल्या हायेत," म्हणाले. "बुडापासून काढल्या हायेत."

"वरून कापली तं सडते," मागून आवाज आला. "एखांद्या चांगल्या मानसाले सांगाव लागते का?"

धाकटे काकाजी होते. अध्यक्ष म्हणून नव्या पोरांचं स्वागत करायला आलेले, डोक्याला फेटा, एका हातात पाच-सहा फुग्यांच्या दोऱ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा डबा. थोरले उठले नाहीत. धाकट्यांनी डब्यातलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं.

"हे तुहं झाड नोहे, दादा," ते म्हणाले. "तुहं म्या घेतलं नाई. हे शाळेचं हाय. शाळेचं झाड अध्यक्षानं वाळू द्याव का?"

"म्या कुठी म्हटलं माहं हाय?"

"पहिल्या दिवशी दिसलं तवा उपटाले वाकलो होतो. काडी हातात धरेल होती." त्यांनी रिकामा डबा हलवला. "पानी लय पेते."

"पेतेच."

दोघंही झाडाकडे पाहत राहिले. मी डबा धरून उभी. पोरं आत गाणं म्हणत होती. मला वाटलं, आता एवढंच. आता गाडी येईल आणि हे जातील, आणि पुढची अकरा वर्षं पाण्याबद्दल बोलतील.

"पंप धुतलेला होता," काकाजी म्हणाले.

"काय?"

"तुहा पंप धुतलेला होता. माहा हात चुकला. किड्याच्या औषधाचं सील म्या फोडलंच नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी समजलं मले." त्यांनी चिखलातले हात वर काढले. "चुकलं माहं. लय चुकलं."

धाकट्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवलं नाही. फुगे एकमेकांवर आपटत होते. ते बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"हे इथी हापशीपाशी सांगून काय फायदा? इथी एक बाई हाय अन् एक लव्हाळा हाय. म्हटलं होतं तं दुकानात म्हटलं होतं."

"दुकानात सांगतो."

"कधी?"

"तू म्हनशील तवा."

"सध्या पेरनीचे दिवस हायेत. गर्दी असन दुकानात."

"पाय ठेवाले जागा नाई," काकाजी म्हणाले.

"मंग आजच चाल."

त्यांनी फुग्यांच्या दोऱ्या माझ्या हातात कोंबल्या, काकाजींना दंडाला धरून चिखलातून वर ओढलं आणि दोघं रस्त्याकडे निघाले. एक फेटा बांधलेला, एकाचे पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत काळे. गाडीत बसायला जागा नव्हती. दोघं दांड्याला धरून उभे राहिलेले मला फाटकातून दिसले. त्या दिवशी नव्या पोरांचं स्वागत मी केलं, एका हातात फुगे आणि एका हातात काकाजींचा डबा घेऊन, आणि पोरांना वाटलं बाईंना शाळा उघडल्याचा आनंद झालाय म्हणून रडतायत.

संध्याकाळी मी घरी आले तर काकू ओट्यावर बसलेल्या. आत दोन पुरुषांचे आवाज येत होते, एकाच वेळी बोलणारे.

"सांगितलं का दुकानात?" मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"सांगतलं ना. काउंटरपाशी उभं राहून सांगतलं, पंप धुतलेला होता, माहीच चूक होती म्हून. पोराच्या हातातलं माप तसंच राह्यलं."

"आणि धाकटे?"

"तो दरवाजात उभा. म्हनते कसा, मांगच्या लोकायले ऐकू नाई आलं."

"मग?"

"मंग काय," काकू हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा सांगतलं. स्टुलावर चढून."